मॉरिशसच्या नोटांवरची माणसं

मॉरिशसमध्ये उसाच्या फडात मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही घराएवढे उंच, काही लांबच लांब रचलेले. प्लेझान्सच्या विमानतळावरून वरच्या पठाराकडे निघालं की बराच वेळ हेच दिसत राहतं: ऊस, दगड, पुन्हा ऊस, आणि मागे एकाएकी सरळ उठलेले डोंगर. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे, त्यामुळे दगड आपल्या सह्याद्रीचाच, बसॉल्ट. तो वेचल्याशिवाय इथे लागवड अशक्य होती. तो वेचला आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, आणि 1835 साली गुलामी संपल्यावर भारतातून आणलेल्या करारबद्ध मजुरांनी. भरती करणारे दलाल गावोगाव सांगत, त्या मुलखात दगड उलटला की खाली सोनं सापडतं. माझ्या टॅक्सीवाल्याने ही गोष्ट हिंदीत, हसत हसत सांगितली. "पणजोबांनी जन्मभर दगड उलटले, काही निघालं नाही," तो म्हणाला, "पण माझी मुलगी एबेनला बँकेत आहे."

मॉरिशसला समुद्रासाठी जाणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल होतं ते त्याच्या पणजोबांपासून मुलीपर्यंतच्या प्रवासाचं. मुख्य बेट आकाराने गोव्याच्या जेमतेम निम्मं, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तेल नाही, कोळसा नाही, खनिज नाही. मोठ्या बाजारपेठा हजारो किलोमीटर दूर, आणि दर काही वर्षांनी चक्रीवादळ. तरीही आज तिथलं दरडोई उत्पन्न भारताच्या चौपटीहून जास्त आहे.

हे असं होईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. 1960 साली दोन वादळांनी बेट झोडपलं, त्यानंतर ब्रिटिश सरकारने केंब्रिजच्या जेम्स मीड यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी 1961 मध्ये काढलेला निष्कर्ष काळजीत टाकणारा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरिया हटला, मृत्यू कमी झाले, लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या वेगाने वाढू लागली. ऊस सोडून काम नाही, समाज वंशावंशांत विभागलेला. या बेटाचा शांततेने विकास होण्याची आशा फार नाही, असं त्यांचं मत पडलं. मीड यांना 1977 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 1972 च्या सुमारास व्ही. एस. नायपॉल येऊन गेले आणि त्यांनीही गर्दीने, बेकारीने गुदमरलेल्या बेटाचं चित्र रंगवलं. पुढे तेही नोबेलचे मानकरी झाले. मीड यांच्या बाजूने एक सांगायला हवं. त्यांनी नुसती भविष्यवाणी केली नव्हती, उपायही सुचवले होते: कुटुंबनियोजन आणि भरपूर हातांना काम देणारे कारखाने. दोन्ही झालं. त्यामुळे ते चुकले म्हणण्यापेक्षा त्यांचं ऐकलं गेलं म्हणणं जास्त खरं. पण अहवाल कपाटात ठेवणारे देशच जगात जास्त असतात. इथे तो कपाटाबाहेर का राहिला, हा माझा प्रश्न होता.

पोर्ट लुई बंदराला लागून आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. 1834 पासून जवळपास पाच लाख भारतीय मजूर इथून बेटावर उतरले किंवा पुढच्या वसाहतींकडे गेले. 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पाहायला फारसं काही उरलेलं नाही: दगडी पायऱ्या, स्वयंपाकघराच्या भिंती, शौचालयांच्या खुणा. शेजारून मोटारींचा रस्ता धडधडत जातो. माझं लक्ष जास्त खिळलं ते मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, अंगावरच्या खुणा, जहाजाचं नाव. पुढच्या काळातल्या नोंदींना छायाचित्रंही. बहुतेक जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून आलेली. मुंबईहून आलेली त्या मानाने थोडी, पण त्यांत रत्नागिरी आणि साताऱ्याची माणसं आहेत. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या सुमारे दोन टक्के, आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते.

ही माणसं मजूर म्हणून आली, पण सगळी मजूर राहिली नाहीत. 1880 च्या सुमारास साखरेचे भाव पडले, फ्रेंच वंशाचे मळेवाले अडचणीत आले आणि त्यांनी कडेची, कमी कसाची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. ती घेतली करार संपलेल्या भारतीयांनी, हप्त्याहप्त्याने. 1913 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उसाखालच्या जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतीय वंशाच्या लोकांकडे आली होती. एक-दोन एकरांचे शेतकरी ते. पण ज्याच्या नावावर एकरभर का होईना जमीन आहे तो मुलाला शाळेत घालतो, आणि शाळेत गेलेला मुलगा मताचा अधिकार मागतो. बिहारहून आलेल्या मजुराचा मुलगा शिवसागर रामगुलाम लंडनला जाऊन डॉक्टर झाला आणि परत येऊन देशाचा पहिला पंतप्रधान झाला. देशाच्या वाढीचा इतिहास लिहिणारे 1970 पासून सुरुवात करतात. मला वाटतं, तो या जमिनीच्या तुकड्यांपासून लिहायला हवा.

दुसऱ्या दिवशी रोझ हिलच्या बाजारात दाल पुरी खाल्ली. दोन पातळ पुऱ्या, आत पावट्याची उसळ, वर टोमॅटोची चटणी, कागदात गुंडाळून हातात. सुटे परत आले तेव्हा नोटा नीट पाहिल्या. प्रत्येक नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी. पण गंमत चेहऱ्यांची आहे. 25 रुपयांवर मोइलिन जाँ आ-च्युएन, चिनी वंशाचे व्यापारी. 50 वर मॉरिस पातुरो, फ्रेंच वंशाचे साखर-अभियंते, उसाच्या उपपदार्थांवर ज्यांचं पुस्तक आहे. 100 वर तमिळ वकील रेंगनादेन सीनीवासेन. 200 वर मुस्लिम नेते अब्दुल रझाक महंमद. 500 वर सुखदेव विष्णुदयाल. 2000 वर रामगुलाम. आणि 1000 रुपयांच्या नोटेवर गाएताँ द्युव्हाल.

या द्युव्हालपाशी थांबायला हवं. त्यांनी स्वातंत्र्याला विरोध केला होता. 1967 ची निवडणूक याच प्रश्नावर झाली आणि सुमारे 44 टक्के मतं त्यांच्या पक्षाला, म्हणजे स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना मिळाली. अल्पसंख्याकांना हिंदू बहुसंख्याकांच्या राज्याची भीती होती. साखर कारखानदारांना मालमत्ता जाण्याची. 1968 च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगली पेटल्या, ब्रिटिश फौज बोलवावी लागली, आणि अशा वातावरणात 12 मार्चला नवा झेंडा चढला. पुढे काय होणार हे आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या इतर देशांकडे पाहून सांगता आलं असतं: जिंकलेले हरलेल्यांचे मळे काढून घेणार, हरलेले पैसा आणि मुलं घेऊन पॅरिसला निघणार.

तसं झालं नाही. 1969 च्या अखेरीस रामगुलामांनी द्युव्हालना सरकारात घेतलं. परराष्ट्र खातं दिलं. आघाडीतले जुने सोबती विष्णुदयाल त्यावर रागावून विरोधात जाऊन बसले. एक न लिहिलेला तह झाला. मळे आणि कारखाने मालकांकडेच राहतील, राष्ट्रीयीकरण होणार नाही. बदल्यात निर्यात होणाऱ्या साखरेवर कर बसेल आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने आणि म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन चालेल. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडे मतं नव्हती, आणि ज्यांच्याकडे मतं होती त्यांच्याकडे पैसा नव्हता. दोघांनीही एकमेकांना संपवायचा मोह टाळला. राज्यघटनेने आधीच एक सोय करून ठेवली होती: 62 निवडून आलेल्या सभासदांखेरीज आठपर्यंत जागा निसटत्या पराभूतांना, जेणेकरून कुठलाही समाज संसदेबाहेर राहू नये. ही पद्धत जातीयवाद गोठवते अशी टीका आज बेटावर सर्रास ऐकू येते, आणि ती खोटी नाही. पण 1970 साली लोकांना घरं जळण्याची भीती होती, सिद्धांताची नव्हे.

तहाला काळी बाजूही होती. 1971 मध्ये गोदी आणि वाहतूक कामगारांचे संप चिघळल्यावर सरकारने आणीबाणी लावली, विरोधी नेते पॉल बेरांजे यांना तुरुंगात टाकलं, वृत्तपत्रांवर बंधनं आणली आणि 1972 ची निवडणूक 1976 वर ढकलली. मॉरिशसची लोकशाही अखंड होती असं प्रवासी पुस्तिकांत छापतात. ते खरं नाही.

पाम्प्लमूसजवळ बो प्लाँ इथे एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात संग्रहालय केलं आहे. कारखाना 1999 मध्ये थांबला. चरक, कढया, बाष्पयंत्रं, चिमणी, सगळं जागच्या जागी. साखरपट्ट्यातून आलेल्या मराठी माणसाला इथे अर्धा दिवस सहज पुरतो. बाहेर पडताना मस्कोवाडो, देमेरारा अशा खास साखरा चमच्यावर देतात. आपल्याकडे गूळ जसा भागाभागाचा ओळखता येतो, तशा या वासावरून ओळखू येतात.

पण संग्रहालयातली खरी वस्तू कढई नाही, करार आहे. 1975 च्या लोमे करारातल्या साखरेच्या कलमानुसार युरोपने मॉरिशसकडून दरवर्षी पाच लाख टनांहून थोडी जास्त साखर ठरलेल्या भावाने घ्यायची, असं ठरलं. हा कोटा सगळ्या सहभागी देशांत मोठा होता, आणि पुढच्या बहुतेक वर्षांत हा भाव जागतिक बाजारभावाच्या कितीतरी वर राहिला. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत जगात साखरेचे भाव कडाडले होते. म्हणजे नव्या देशाच्या हातात दैवाने अचानक पैसा ठेवला. आता असा पैसा कितीतरी देशांना मिळाला आहे: कुणाला तेलाचा, कुणाला तांब्याचा, कुणाला कोकोचा. बहुतेकांनी तो राजवाड्यांत, फौजेत किंवा स्विस बँकेत घातला. मॉरिशसमध्ये परकीय चलन बाहेर नेण्यावर निर्बंध होते, करसवलती तयार होत्या आणि मालमत्ता सुरक्षित राहील असा तहाचा भरवसा होता. मळेवाल्यांनी पैसा बेटावरच, दोन नव्या धंद्यांत घातला: हॉटेलं आणि कापडाचे कारखाने.

त्या कारखान्यांची कल्पना चिनी वंशाचे अभियंते प्राध्यापक एद्वार लिम फात यांची. 1970 च्या कायद्याने निर्यात प्रक्रिया क्षेत्र निघालं. कुंपण घातलेली एखादी वसाहत असा त्याचा अर्थ नव्हता. बेटावर कुठेही कारखाना टाकावा, माल परदेशी विकावा, कच्चा माल आणि यंत्रं बिनजकात आणावीत. त्याच वेळी देशातल्या बाजारासाठी माल करणाऱ्या जुन्या कारखान्यांना जबर आयातशुल्काचं संरक्षण चालूच होतं. खुल्या व्यापाराच्या भक्तांना आणि संरक्षणवाद्यांना दोघांनाही हा देश आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरता येतो, तो यामुळे. हाँगकाँगच्या कापडवाल्यांवर तेव्हा श्रीमंत देशांनी कोटे लादले होते. मॉरिशसच्या नावावर कोटा मोकळा होता, युरोपात जकात नव्हती, आणि बेटावरच्या चिनी कुटुंबांची हाँगकाँगशी ओळख होती. तरी या क्षेत्रातलं सुमारे निम्मं भांडवल स्थानिक होतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती. परदेशी कारखानदार सवलत संपली की यंत्रं उचलून जातो. इथला मालक राहिला, कारण त्याचं घर, जमीन आणि साखर इथेच होती.

कात्र बोर्नला मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या मावशी मराठी घरातल्या. बोलणं क्रिओल आणि हिंदीत. मराठी आरतीपुरती आणि नात्यांच्या नावांपुरती. पण आरती पाठ, आणि उच्चार आपल्या कोकणातल्यासारखे. तरुणपणी त्या फ्लोरेआलकडच्या एका स्वेटरच्या कारखान्यात होत्या. "आमच्या घरात पगाराचं पाकीट घेऊन येणारी मी पहिली बाई," त्या म्हणाल्या. आईने उसात खुरपलं, तिला रोजी मिळायची. पाकीट मिळालं ते मुलीला. मी विचारलं, बायकांनाच का घेतलं? त्या हसल्या. "स्वस्त होतो म्हणून. आणि संप करणार नाही असं त्यांना वाटायचं." बायकांसाठी किमान वेतन खरोखरच पुरुषांहून कमी ठेवलं होतं, हा फरक काढून टाकला तो 1984 मध्ये. रात्रपाळी, तुकड्यावर मजुरी, गाडी घरापाशी सोडायची. ऑस्ट्रेलियाची लोकर, हाँगकाँगची यंत्रं, आणि कात्र बोर्न, वाक्वा, क्युरपिपच्या मुली, यांच्या जोरावर हे उष्ण कटिबंधातलं बेट लोकरी विणकामाच्या कपड्यांच्या आघाडीच्या निर्यातदारांत जाऊन बसलं. 1990 च्या सुमारास या क्षेत्रात नव्वद हजारांच्या घरात माणसं कामाला होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पाचातला एक जण बेकार होता. दशक संपताना मालकांना माणसं मिळेनाशी झाली. मावशींनी त्या पगारातून दोन भावंडांची शिक्षणं केली. वहीत लिहिलेले हप्ते त्यांनी जपून ठेवले आहेत, मला दाखवले.

मधल्या काळात सगळं बुडायची वेळही आली होती. साखरेचे भाव खाली आले, सरकारने पगार आणि खर्च चढवून ठेवले होते, तेल महागलं. 1979 आणि 1981 मध्ये रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं. 1982 च्या निवडणुकीत मतदारांनी रामगुलामांच्या पक्षाला साफ झाडून काढलं. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांना. पंतप्रधान झाले अनिरुद्ध जगन्नाथ आणि अर्थमंत्री झाले तेच बेरांजे, ज्यांना दहा वर्षांपूर्वी तुरुंगात टाकलं होतं, ज्यांचा पक्ष राष्ट्रीयीकरणाच्या घोषणा देत वाढला होता. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी नाणेनिधीच्या अटींनुसार काटकसरीचा अर्थसंकल्प मांडला. सरकार वर्षभरात फुटलं, पण धोरण टिकलं. पुढच्या सरकारने तेच चालू ठेवलं आणि फळं त्याला मिळाली. राजकारणात असा अन्याय होतोच. देशाच्या दृष्टीने मात्र पक्ष बदलला तरी कारखानदाराला दिलेला शब्द बदलला नाही, आणि गरिबाला दिलेलाही नाही. 20 मे 1975 ला शाळकरी मुलांनी रस्त्यावर उतरून बंड केलं होतं. त्यानंतर 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. नाणेनिधीच्या काळातही ते मोफतच राहिलं. वृद्धांचं निवृत्तिवेतनही चालू राहिलं. नव्वदीत बेटाला हिशेबनीस, बँकेतले कारकून, हॉटेलांचे व्यवस्थापक हवे झाले तेव्हा ते या शाळांतून आले.

सगळं श्रेय कोट्यांना आणि नशिबाला देणारे भेटतात. त्यांना मी फिजीचं उदाहरण देते. तिथेही ऊस, तिथेही भारतातून नेलेले मजूर, तिथेही युरोपचा साखर कोटा, आणि कोट्यात मॉरिशसखालोखाल क्रमांक. पण तिथे जमिनीचा आणि सत्तेचा तह झाला नाही. 1987 मध्ये लष्कराने सरकार उलथलं, आणि शिकलेले भारतीय वंशाचे लोक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघून गेले. पुढे भारताचे मुख्य आर्थिक सल्लागार झालेले अरविंद सुब्रमणियन आणि देवेश रॉय यांनी 2001 मध्ये नाणेनिधीसाठी मॉरिशसच्या यशाची कारणं शोधणारा निबंध लिहिला. खुला व्यापार, परदेशी भांडवल, मिळालेल्या सवलती, सगळं तपासून ते शेवटी संस्थांपाशी आले: कोर्टं, निवडणुका, करार पाळण्याची सवय. माझी भर एवढीच की या संस्था आकाशातून पडल्या नाहीत. एकमेकांना घाबरणाऱ्या लोकांनी आपापला जीव वाचवण्यासाठी त्या पाळल्या.

सवलती कधीतरी जातात. 2005 च्या 1 जानेवारीला कापडाचे जागतिक कोटे संपले आणि चीनचा माल मोकळा सुटला. हाँगकाँगवाले निघाले, हजारो बायका घरी बसल्या. पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला, आणि 2009 मध्ये तो जुना करारच संपला. स्वातंत्र्याच्या वेळी वीसच्या आसपास साखर कारखाने होते. आज तीन उरले आहेत. ते नुसती साखर करत नाहीत. चिपाडांवर वीज करून ग्रीडला देतात, मळीपासून मद्यार्क, आणि कच्च्या साखरेऐवजी मी चाखल्या तशा खास साखरा. गाळप नसताना त्याच बॉयलरमध्ये कोळसा जळतो, हे मात्र माहितीफलकावर लहान अक्षरांत असतं.

तिसरा धंदा तोवर उभा राहिला होता. एबेनला उसाच्या जमिनीवर काचेच्या इमारती आहेत. सायबर सिटीची सुरुवात भारताच्या कर्जातून झाली. इथे कॉल सेंटरं आहेत, सॉफ्टवेअर आहे आणि आहेत असंख्य कंपन्यांच्या पाट्या. या पाट्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे. 1982 मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणुकीच्या भांडवली नफ्यावर भारतात कर लागत नसे, आणि मॉरिशसमध्येही जवळजवळ नाही. कित्येक वर्षं भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश कागदोपत्री या चिमुकल्या बेटावरून येत होती. 2016 मध्ये करार बदलला आणि ही वाट अरुंद झाली. मॉरिशसच्या यशाचं कौतुक करताना हा भाग झाकून ठेवणं मला प्रामाणिक वाटत नाही. वकील आणि हिशेबनिसांना इथे चांगली कामं मिळाली हे खरं. पण त्या कमाईचा एक हिस्सा दुसऱ्या गरीब देशांच्या तिजोरीत जायला हवा होता. स्वेटर विकून मिळवलेल्या पैशाबद्दल असं म्हणता येत नाही.

आणि तहाच्या पंगतीत ज्यांना पानच वाढलं गेलं नाही, ते लोकही आहेत. पोर्ट लुईच्या उत्तरेला रोश ब्वा ही क्रिओल वस्ती. गुलामांच्या वंशजांना 1835 नंतर जमीन मिळाली नाही, पतसंस्था मिळाली नाही, नोकरशाहीत ओळख नव्हती. 1999 च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि इथून दंगल पेटली. अनेक दिवस बेट बंद होतं. त्यानंतर सरकारने आयोग नेमला, ल मोर्नच्या कड्याला 2008 मध्ये वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. पळून गेलेले गुलाम तिथे लपत. पण रोश ब्वाच्या गल्ल्यांत फिरताना एबेन फार लांब वाटतं.

एबेनला आता ट्रॅमने जाता येतं. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली, भारताच्या मोठ्या अनुदानातून झालेली ही मेट्रो 2020 च्या जानेवारीत धावू लागली, बरीचशी जुन्या रेल्वेच्या मार्गावरून. डब्यात माझ्या शेजारी तीन तरुण बांगला बोलत होते. कापड कारखान्यातले कामगार, तीन वर्षांच्या करारावर आलेले. बेटावरच्या मुली आता शिलाई यंत्रावर बसत नाहीत; यंत्रं बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्करहून आलेली माणसं चालवतात, वसतिगृहांत राहतात, पैसे घरी धाडतात. ज्या बेटाला मीड यांनी फार मुलं होतात म्हणून सावध केलं होतं, तिथे आता पुरेशी मुलं जन्मत नाहीत.

2020 च्या जुलैमध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवलं. ते 2019 च्या आकड्यांवर. तोवर कोरोनाने विमानं थांबली होती, त्या वर्षी अर्थव्यवस्था जवळपास 15 टक्क्यांनी आकसली, आणि पुढच्याच वर्षी बँकेने देशाला पुन्हा एक पायरी खाली उतरवलं. 2024 च्या नोव्हेंबरात मतदारांनी आणखी एकदा सरकार पुरतं झाडून काढलं. नव्या सरकारने कर्जाचा डोंगर पुढे केला आणि 2025 च्या जूनमध्ये निवृत्तिवेतनाचं वय 60 वरून टप्प्याटप्प्याने 65 करायचं जाहीर केलं. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. मावशींना विचारलं तर त्या चिडल्याच: "साखरेतून चालत होतं, स्वेटरमधून चाललं, मग आता का नाही?" सरकारकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, पण ते आकड्यांत आहे. आणि जुन्या तहात आकडा नव्हता, शब्द होता.

मॉरिशसला जाणार असाल तर समुद्रातून दोन दिवस वाचवा. पोर्ट लुईहून क्युरपिपपर्यंत मेट्रोने जा, बो प्लाँचा कारखाना पाहा. जून ते नोव्हेंबर हा गाळपाचा हंगाम, तेव्हा फडात तोडही चालू असते. आणि घरात कुणी पणजोबा-खापरपणजोबा जहाजाने गेला आणि परतला नाही अशी कुजबुज असेल, तर त्याचं नाव आणि गाव लिहून सोबत न्या. मोकाच्या वह्यांत ते सापडू शकतं.